चाळीस दिवसांची पिसं

थंडी आली की ती आधी माझ्या बोटांना कळते. गिरणीचा पट्टा चढवण्याआधी मी माडीवर जाते, कबुतरांच्या ढाबळीची लोखंडी कडी काढते, आणि ती कडी बोटांना कडकडून चावते. मग समजायचं, आता संक्रांतीपर्यंत पाखरं घराभोवतीच. शर्यती होळीनंतर. तोवर पावसाळ्यात झडलेली पिसं पुरती भरू द्यायची, पाखरांच्या अंगाला विसावा द्यायचा. हिवाळा म्हणजे कबुतरवाल्यांची सुट्टी, असं लोक म्हणतात. ज्यांनी जन्मात एकदाही ढाबळ खरवडलेली नाही तेच असं म्हणतात.

मला हिवाळा फार आवडतो, आणि त्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका माणसावर डूख धरला. लोकांना थंडीत हुरडा आठवतो, तुरीच्या शेंगा आठवतात, येळवशीच्या अमावास्येला शेतात बसून प्यालेली आंबील आठवते. मलाही आठवते. पण त्याआधी मला काशप्पाअण्णांची बोटं आठवतात. जाड, अंगठी रुतलेली, कात्री धरलेली. कात्री धरताना मी त्यांना पाहिलेलं नाही, तरी मला ती दिसतात.

कमलनगरात आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या माडीवर ढाबळ. दोन्ही आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, उभं केलेलं. त्यांच्या आज्याची मेंढरं होती. मेंढरं गेली, थोडी शेती आली, मग गिरणी आली, पण मुका जीव सांभाळायची खोड काही गेली नाही, ती छपरावर जाऊन बसली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बिदरच्या डॉक्टरनं त्यांची छाती तपासली आणि पिठाची धूळ बंद, पाखरांची धूळ बंद, असं एका दमात सांगून टाकलं. पिठाबद्दल मालकांनी काही विचारलं नाही. पाखरांबद्दल विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाला, कायमचं. येताना जीपमध्ये कमलनगर जवळ आल्यावर म्हणाले, "जोंधळीचं काय करायचं?"

जोंधळी आमची मादी. राखाडी रंगाची, मानेवर जोंधळ्याच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. आमच्याकडं होळीनंतर शर्यत होते. सगळ्यांची पाखरं टोपल्यांत घालून जीपनं सोलापूरच्या पुढं नेतात, पंखावर शिक्का मारतात आणि एकदम सोडतात. ज्याचं पाखरू आधी आपल्या घरी उतरेल, आणि त्याला धरून जो आधी रऊफचाचांच्या सायकल दुकानात आणून दाखवेल, तो जिंकला. बक्षीस म्हणजे पितळेची घागर आणि वर्षभराचा मान. मालकांना ती घागर कधी मिळाली नव्हती. आदल्या होळीला जोंधळी दुसरी आली, तीही चहा बशीत ओतून प्यायला लागतो तेवढ्याच फरकानं. पहिला आला काशप्पाअण्णांचा लाख्या. येत्या होळीला जोंधळीचं वय भरात येणार होतं. "एवढी एक शर्यत बगतो," मालक म्हणाले, "अंगणातल्या बाजंवर पडून बगतो. ती येताना दिसली की झालं."

म्हणून ढाबळ माझ्याकडं आली. बत्तीस पाखरं आणि खाली अंगणात मफलर गुंडाळून बसलेले मालक. वर मी, खालून त्यांचा आवाज.

"मसूर किती टाकलीस?"

"मूठभर."

"कुणाची मूठ? तुझी का माझी?"

त्या हिवाळ्यात मी जेवढं शिकले तेवढं शाळेत शिकले असते तर आज कुठं तरी साहेबीण असते. थंडीत करडई बेतानं घालायची, नाही तर पाखरू चरबी धरतं. पाण्यात लसूण ठेचून टाकायची. भिंतीला चुना मारायचा. नर एका खणात, माद्या दुसऱ्या खणात, मध्ये फळी, कारण एकत्र आली की जोडी जमते, अंडी होतात, पिलं होतात, आणि जीव तिकडंच गुंतून जातो. आठवड्यातून एकदा उन्हात परात भरून ठेवायची. पाखरं एकेक करून परातीत उतरायची, पंख आपटायची, आणि त्यांच्या अंगावरची पांढरी भुकटी पाण्यावर सायीसारखी धरायची. ओल्या पिसांचा, चुन्याचा आणि ज्वारीच्या कोंड्याचा मिळून एक वास होता. तो आजही आला की मी हातातलं काम थांबवते.

चूक माझी झाली, ती आधी सांगते. धुईत, धुकं दाटलेलं असताना, ढाबळ उघडायची नाही, हे मालकांनी मला दहा वेळा बजावलं होतं. दिवाळीनंतरची एक सकाळ होती, धुई विरल्यासारखी वाटली, खाली गिऱ्हाईक दळणाचा डबा वाजवत उभं होतं, आणि मी घाईत फळी काढली. पाखरं उडाली आणि पाठोपाठ धुई पुन्हा खाली बसली. एकतीस पाखरं अंदाजानं परत उतरली. जोंधळी उतरली नाही. मी खाली जाऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "हिवाळा हाय. यील परत. सुलह हाय."

सुलह, म्हणजे तह, हा शौकिनांचा कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. होळीच्या हंगामात दुसऱ्याच्या छपरावर उतरलेलं पाखरू ज्यानं धरलं त्याचं. पण दिवाळी ते संक्रांत धुई असते, काहींची पिसं कच्ची असतात, पाखरू चुकणारच, म्हणून त्या दिवसांत ज्याचं त्याला परत द्यायचं. अट एकच. ज्याचं पाखरू हरवलं त्यानं, किंवा त्याच्या घरच्यानं, मूठभर दाणे घेऊन स्वतः दारात जायचं आणि तोंडानं मागायचं. नोकर पाठवायचा नाही, फोन करायचा नाही. आणि मागणारा येईपर्यंत धरणाऱ्यानं पाखराला नीट खाऊ घालायचं.

चौथ्या दिवशी कळलं, जोंधळी काशप्पाअण्णांकडं आहे. बसस्टँडजवळ त्यांचं खताचं दुकान आणि वर तीन मजल्यांचं घर. मी पदरात जोंधळा बांधून गेले. खताच्या पोत्यांमध्ये त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. मग म्हणाले, "वहिनी, हे बायामाणसाचं काम न्हाई. ढाबळ मला देऊन टाका की. मालकाला बी आराम पडंल."

"पाखरू द्या, अण्णा."

ते वर गेले आणि कापडी पिशवीत घालून पाखरू घेऊन आले. पिशवीचं तोंड बांधलेलं. "घ्या. चार दिवस सुखात हुती," म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. याचाच मला अजून सगळ्यात जास्त राग येतो.

घरी आल्यावर मालकांनी बाजेवर बसून पिशवी सोडली, जोंधळीला हातात घेतलं, उजवा पंख उलगडला आणि तसाच धरून ठेवला. उडायची सात मोठी पिसं नव्हती. मला वाटलं गळाली असतील. मालक हळू म्हणाले, "कापल्यात."

मला तेव्हा फरक माहीत नव्हता. तो त्यांनी मला खोकत खोकत सांगितला. पाखरू पळून जाऊ नये म्हणून पिसं उपटतात, त्यात काही वावगं नाही. उपटलेल्या जागी नवीन पीस येतं, चाळीस दिवसांत पंख होता तसा. पण पीस कापलं की खुंट मुळात राहतो, आणि खुंट आहे तोवर शरीराला वाटतं पीस आहेच. ते पुढच्या पावसाळ्यात झडेल तेव्हा झडेल. "खुंट वढून काढावा म्हटलं तर धरायला काय ठिवलंच न्हाई," मालक म्हणाले. "मुळापासनं कापलंय. ज्याला कळतंय त्यानंच केलंय हे." मग त्यांनी मफलर तोंडावर ओढून घेतला. खोकला आला म्हणून ओढला, असं मी समजायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काशप्पाअण्णांच्या दुकानात गेले. या वेळी पदरात काही नव्हतं. ते वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाले, "उडून जाऊ ने म्हणून कामाच्या माणसानं केलं आसंल. कापलं काय नि उपटलं काय, एकच की वहिनी. मला त्यातलं बारीक काय कळतंय?" तीस वर्षं पाखरं पाळलेला माणूस मला हे सांगत होता. जोंधळीचा पंख मला परत मिळणार नव्हता, मालकांची शर्यत मिळणार नव्हती. मला एकच गोष्ट मिळण्यासारखी होती, आणि ती मी मिळवायची ठरवली. त्यांना ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं.

राग लोकांना जाळतो म्हणतात. मला त्यानं चांगली झोप लागायची, भूक लागायची, कामाला हात हलका चालायचा. गिरणीत पीठ पडत असायचं आणि मी मनात काशप्पाअण्णांना एकेक शिक्षा देत असायची. कधी त्यांच्या खताच्या पोत्यांवर पाऊस पाडायची, कधी त्यांची अख्खी ढाबळ बहिरी ससाण्याला खाऊ घालायची. दळण इतकं बारीक निघायचं की बाया कौतुक करायच्या.

मार्गशीर्षात पुन्हा धुई पडली आणि एक दिवस ती सरल्यावर आमच्या छपराच्या कडेवर एक तांबडा नर बसलेला दिसला. मी दाणे वाजवले, तो सरळ आत आला. मालकांनी खालूनच ओळखला. "लाख्या हाय त्यो," म्हणाले, आणि बराच वेळ वर बघत राहिले.

गिरणीच्या भिंतीवर मेंढ्या कातरायची आज्याची जुनी कात्री टांगलेली आहे. मी ती काढली. धार लावावी लागणार होती. लाख्या माझ्या डाव्या हातात होता, गरम, छाती धडधडणारी, डोळा लाल मण्यासारखा. मी त्याचा पंख उलगडला. दहाची दहा पिसं नवी, तेल लावल्यासारखी चमकणारी. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मग कात्री परत टांगली. दया आली म्हणून नाही. कापला असता तर हिशोब तिथंच मिटला असता आणि काशप्पाअण्णा म्हणाले असते, वहिनींनाही त्यातलं बारीक कळत नाही.

मी रऊफचाचांना बोलावून घेतलं. शर्यतीचे पंच तेच, त्यांचा शब्द सगळे मानतात. त्यांच्यासमोर मी लाख्याची पिसं मोजून दाखवली आणि म्हटलं, "चाचा, सांगा त्यांना. पाखरू माझ्याकडं आहे, सुखात आहे. येऊन मागून न्यावं."

चाचा हसले. "वो आता क्या भाबी? तुम्हारे दरवाजे पे? उसकी नाक देखे क्या?"

आले नाहीत. दुकानातला माणूस पाठवला, त्याला मी परत पाठवलं. फोन केला, मी उचलला नाही. ज्याचं पाखरू त्यानं यावं. बाईमाणसाच्या दारात मूठभर दाणे घेऊन उभं राहायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असणार. येळवस आली, शेतात भज्जी झाली, आंबील झाली, आणि काशप्पाअण्णा काही आले नाहीत. कायदा माझ्या बाजूनं होता. मी फक्त पाखराला खाऊ घालत होते.

फक्त म्हणजे, एक फळी काढली होती. नर आणि माद्यांमधली नव्हे, तेवढी मी अडाणी राहिले नव्हते. कोपऱ्यात एक वेगळा खण होता, तिथं जोंधळी असायची, कारण उडता न येणाऱ्या पाखराला बाकीची टोचतात. त्या खणाची फळी काढून मी लाख्याला तिच्याजवळ सोडलं, आणि दोघांसमोर करडई ओतली, भरपूर. हिवाळ्यात जे जे करायचं नाही म्हणून मालकांनी शिकवलं होतं ते सगळं मी त्या एका खणात केलं. आठ दिवसांत लाख्या मान फुगवून तिच्याभोवती घुमायला लागला. पंधरवड्यात तो माझ्या झाडूतल्या काड्या नेऊन तिला देत होता.

मालकांना आवाजावरून कळलं. "नरमादी एका जागी ठिवलीस कामून?"

"त्याला थंडी वाजायली."

ते हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, "त्याच्यावर काय करायचं ते कर. पाखराला ह्यात वढू नगंस." मी ऐकलं नाही. नवऱ्याचं ऐकलं नाही असं माझ्या संसारात फार वेळा झालेलं नाही. हे त्यातलं एक.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी काशप्पाअण्णा आले. सुलह संपली की पाखरू गेलंच, म्हणून शेवटच्या दिवशी आले. मुठीत जोंधळा होता, घामानं भिजलेला. रऊफचाचा सोबत होते. मी त्यांच्यासमोर लाख्याची वीसही पिसं मोजून दाखवली आणि पाखरू दोन्ही हातांनी दिलं, वर तिळगूळ दिला. काशप्पाअण्णा पंख उलगडून पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांना काही सापडत नव्हतं. वर ढाबळीत जोंधळीच्या पोटाखाली दहा-बारा दिवसांची दोन पिलं होती.

त्यांनी लाख्याला होळीपर्यंत जवळजवळ कोंडूनच ठेवलं. दोनदा उपाशी ठेवून गावाबाहेरून सोडलं, तेव्हा तो दाण्यासाठी त्यांच्याकडं गेला, आणि त्यांची काळजी मिटली. शर्यतीच्या दिवशी मालक अंगणात बाजेवर होते. आमचं एकही पाखरू शर्यतीत नव्हतं, तरी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. दुपार व्हायच्या आत मावळतीकडून एक ठिपका आला, सरळ, खाली, आणि आमच्या छपरावर उतरला. तांबडा. पंखावर ताजा शिक्का. तो इकडंतिकडं न बघता जोंधळीच्या खणात शिरला. काशप्पाअण्णा तेव्हा आपल्या तिसऱ्या मजल्यावर हातानं ऊन अडवून उभे होते, आणि अर्धा गाव खाली रस्त्यावरून त्यांच्याकडं बघत होता. घागर दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. मालकांनी छपराकडं एकदा बघितलं आणि कूस बदलली. त्यांना जी यायला हवी होती ती आली नव्हती.

हंगामात धरलेलं पाखरू कायद्यानं माझं. मी ठेवून घेतलं नाही. संध्याकाळी काशप्पाअण्णा दारात आले, मागितलं, मी दिलं. चार दिवसांनी लाख्या परत आला, ते परत आले, मी परत दिलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षांत ते किती वेळा माझ्या दारात उभे राहिले हे मी मोजलेलं नाही, पण गल्लीनं मोजलंय. मी एकदाही नाही म्हटलं नाही, एकदाही बसा म्हटलं नाही. दर वेळी एकच विचारायची, "अण्णा, कापलं काय नि उपटलं काय, एकच का?" ते पाखरू पिशवीत घालायचे आणि जायचे.

जोंधळीची पिसं पुढच्या पावसाळ्यात आली. उडते ती, छपरावर दोन घिरट्या घालते आणि खाली येते. तिचं शर्यतीचं वय त्या खणात गेलं. मालक आता अंगणातही येत नाहीत. खिडकीजवळच्या पलंगावर असतात, आणि मसूर किती टाकलीस ते तिथून विचारतात.

गेल्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी गिरणीत होते. गल्लीत माणसं एका बाजूला सरकून उभी राहिलेली दिसली. मला वाटलं मयत चाललीय. बाहेर आले तर रस्त्याच्या मधोमध लाख्या चालत येत होता. उडत नव्हता, चालत होता, धुळीतून, मान पुढं-मागं करत, मध्येच थांबून धाप टाकत. बसस्टँडपासून आमच्या दारापर्यंत माणसालाही पाय दुखतील एवढं अंतर. आणि त्याच्या दहा पावलं मागं काशप्पाअण्णा, अनवाणी, हातात उसाचं वाढं, त्यानं कुत्री हाकलत. बाजारातले लोक बघत होते. कुणी हसत नव्हतं.

लाख्या उंबऱ्याशी येऊन थांबला. काशप्पाअण्णा रस्त्यातच थांबले. त्यांच्या मुठीत दाणे नव्हते, म्हणजे ते मागायला आले नव्हते.

"चार दिवस झालं," ते म्हणाले, "दाणा शिवंना."

मी लाख्याला उचललं. धुळीनं माखला होता, पायाची बोटं सोललेली. उजवा पंख उलगडला. सात मोठी पिसं नव्हती. मी बोटानं चाचपलं. कुठं खुंट नव्हता. सात स्वच्छ भोकं, आणि त्यांतून नव्या पिसांची निळसर टोकं वर येत होती. मी पंख तसाच उघडा त्यांच्यासमोर धरला.

"हे कुणी केलं, अण्णा?"

"म्याच. सारखं तुमच्याकडं यायलाय म्हणून."

"उपटलंय."

"व्हय. कापलं तर वरीस जातंय की, वहिनी. उपटलं म्हंजी चाळीस दिवसांत..." एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना माझ्या तोंडाकडं बघून कळलं असावं.

"तवा बी ठाऊक हुतं?" मी विचारलं.

त्यांनी हातातल्या वाढ्याची पानं सोलली, एक, दोन. "हुतं," म्हणाले.

तीन वर्षं या एका शब्दाची मी वाट बघितली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आत पलंगावरून मालकांचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

मी लाख्याला छातीशी धरलं, आत आले आणि दार लावून घेतलं. "कुणी न्हाई," म्हटलं. "लाख्या आलाय."